घरची पेटी वर्कस्टेशनमध्ये: सॅम्पल घेणे, लावणे आणि सांभाळणे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी आजोबांच्या काळापासून एक पेटी आहे. तिच्या मधल्या सप्तकातल्या काळी तीनला, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीला, एक बारीक खर आहे आणि ती खर कानावर पडली की घरातले कोणीही डोळे मिटून सांगू शकते की ही आपलीच पेटी वाजते आहे. आजकाल कोणत्याही कीबोर्डमध्ये ‘हार्मोनियम’ नावाचा आवाज तयार मिळतो आणि तो बहुधा स्वच्छही असतो. पण तो दुसऱ्या कोणाच्या तरी पेटीचा असतो. आपल्या घरचा आवाज आपल्या वाद्यात आणायचा असेल, तर तो स्वतः मुद्रित करावा लागतो, पट्ट्यांवर नीट लावावा लागतो आणि मग जपावा लागतो. सॅम्पलिंगची, म्हणजे बाहेरचा आवाज आत मुद्रित करण्याची, सोय असलेल्या वर्कस्टेशन कीबोर्डवर हे सगळे काम संगणकाला हात न लावताही पूर्ण होऊ शकते.

मी हे काम पहिल्यांदा केले तेव्हा पूर्ण दुपार खर्च करून आत्याकडून तेरा सूर वाजवून घेतले होते. आत्या पेटीवर बसली होती, मी यंत्रापाशी होतो आणि शेवटचा सूर संपल्यावर मी चहा ठेवायला उठलो. तेवढ्यात वीज गेली. पाच मिनिटांनी ती परत आली, तेव्हा यंत्राच्या मेमरीत एकही सूर उरला नव्हता, कारण त्या यंत्रात सॅम्पल जिथे मुद्रित होतात ती मेमरी वीज असेपर्यंतच भरलेली राहते. ध्वनी मी काळजीने टिपला होता. जतन करण्याची पायरी मात्र शेवटी करायची म्हणून राखून ठेवली होती. म्हणून या लेखात मुद्रणाइतकीच जागा मी सॅम्पल सांभाळण्यालाही देतो आहे.

यंत्र समजून घेताना

वर्कस्टेशन म्हणजे ज्या एकाच कीबोर्डमध्ये तयार आवाज, ते बदलण्याची सोय, इफेक्ट आणि अनेक ट्रॅकवर रचना बांधणारा सीक्वेन्सर एकत्र असतात ते वाद्य. 1988 साली आलेल्या कॉर्ग एम-1 ने ही कल्पना घरोघर नेली, पण त्यात बाहेरचा आवाज मुद्रित करता येत नव्हता. 1999 च्या कॉर्ग ट्रायटनमध्ये सॅम्पलिंगची सोयही होती आणि पुढे यामाहा मोटिफ, रोलँड फँटम, कॉर्ग क्रोनॉस या मालिकांनी ती वाट रुंद केली. आपल्याकडे भजनी मंडळांत आणि गणेशोत्सवाच्या मंचावर दिसणाऱ्या स्वस्त कीबोर्डांपैकी काहींना स्वतः मुद्रण करता येत नाही, मात्र यूएसबीवरून वेव्ह फाइल आत घेता येते. अशा वाद्यासाठी मुद्रण बाहेरच्या रेकॉर्डरवर करावे लागेल; खाली सांगितलेल्या बाकीच्या बहुतेक गोष्टी त्यालाही लागू पडतात.

यंत्राच्या दृष्टीने सॅम्पलिंगमध्ये तीन थर असतात आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ सुरू होतो. एक सूर एकदा वाजवून टिपला की ते झाले सॅम्पल. अशी अनेक सॅम्पल कोणत्या पट्टीपासून कोणत्या पट्टीपर्यंत वाजायची हे ठरवून एकत्र बांधली की झाले मल्टिसॅम्पल. त्या मल्टिसॅम्पलला फिल्टर, आवाजाचा चढउतार, इफेक्ट आणि नाव देऊन वाजवण्याजोगे केले की होतो प्रोग्रॅम, ज्याला काही कंपन्या व्हॉइस किंवा टोन म्हणतात. तिन्ही थर यंत्रात वेगवेगळ्या ठिकाणी राहतात आणि पुष्कळदा वेगवेगळ्या फाइलींत जतन होतात, हे आधीच ध्यानात ठेवले तर पुढचे अर्धे प्रश्न पडतच नाहीत.

मेमरीचा हिशेबही सुरुवातीलाच करावा. सॅम्पलिंग रेट, म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो आकडा, 44.1 किलोहर्ट्झ आणि प्रत्येक मोजमापाची खोली 16 बिट असेल, तर एका सेकंदाच्या मोनो आवाजाला 88,200 बाइट लागतात, म्हणजे मिनिटाला साधारण 5.3 मेगाबाइट, स्टिरिओला याच्या दुप्पट. रेट 44.1 का, तर एखादी कंपनसंख्या टिपण्यासाठी तिच्या दुपटीहून अधिक वेळा आवाज मोजावा लागतो आणि माणसाचा कान जास्तीत जास्त 20 किलोहर्ट्झच्या आसपास ऐकतो. तेरा सूर, प्रत्येकी सहा सेकंद, मोनो: एकूण सात मेगाबाइटच्या आत. एके काळी हे सगळे फ्लॉपीवर साठवायचे असे, आणि 1.44 मेगाबाइटच्या एका फ्लॉपीवर अशा आवाजाचे जेमतेम सोळा सेकंद मावत. आजच्या यंत्रात जागेची एवढी चणचण नाही, तरीही पेटी मी मोनोतच घेतो. स्टिरिओ सॅम्पल मेमरी दुप्पट खातेच, शिवाय यंत्र एका वेळी जेवढे आवाज वाजवू शकते त्यांतले दोन एका पट्टीमागे खर्ची पडतात, आणि दोन्ही हातांनी भरगच्च साथ करताना आधीचे सूर मध्येच तुटू लागतात.

खोली, माइक आणि पातळी

पेटीच्या मुद्रणाला ग्वाल्हेरात डिसेंबर आणि जानेवारीसारखा काळ नाही. उन्हाळ्यात पंख्याशिवाय बसवत नाही आणि छताच्या पंख्याची घरघर प्रत्येक सुरात उतरते. थंडीत मात्र पंखा, कूलर दोन्ही बंद असतात. तानसेन समारोहाच्या दिवसांत गावात रात्री उशिरापर्यंत गाणे चालते आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या घरी पेटीचे मुद्रण होते, हा योग मला प्रिय आहे. वेळ पहाटे साडेपाच ते सातची धरावी, कारण त्यानंतर गल्लीत दूधवाले आणि टेम्पो सुरू होतात. खोलीत गाद्या, रजया, पडदे जितके असतील तितके चांगले. रिकाम्या, फरशीच्या खोलीचा घुमारा सॅम्पलमध्ये एकदा शिरला की तो काढता येत नाही, आणि प्रत्येक सूर वेगळ्या वेगाने वाजत असल्यामुळे तो घुमारा प्रत्येक पट्टीवर वेगळ्या खोलीचा भासतो.

माइक पेटीच्या पट्ट्यांच्या वर, साधारण दीड फुटावर, भात्याच्या वाऱ्यापासून दूर आणि किंचित तिरका ठेवावा. फार जवळ ठेवला तर पट्ट्यांची खटखट आणि भात्याची फुसफुस सुरापेक्षा मोठी होते. कंडेन्सर माइकला 48 व्होल्टचा वीजपुरवठा लागतो आणि अनेक वर्कस्टेशनांच्या इनपुटमध्ये तो नसतो. अशा वेळी मध्ये एक लहान मिक्सर घ्यावा आणि यंत्राचे इनपुट ‘माइक’वरून ‘लाइन’वर फिरवावे. गाण्याचा साधा डायनॅमिक माइक असेल तर तो थेट लावून, इनपुट ‘माइक’वर ठेवून, गेनची, म्हणजे आत येणारा आवाज वाढवण्याची, कळ सावकाश वाढवावी. इनपुटच्या वाटेवर रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) किंवा दुसरा कोणताही इफेक्ट लागलेला नाही ना, हे इफेक्टच्या पानावर जाऊन स्वतः तपासावे. हेडफोनमध्ये गोड वाटणारा रिव्हर्ब कायमचा सॅम्पलमध्ये बसला, तर पुढे त्याच्यावर प्रोग्रॅमचा रिव्हर्ब चढून सगळे गढूळ होते.

पातळीबाबत माझा नियम साधा आहे. पेटीचा सर्वांत मोठा सूर पूर्ण भात्याने वाजवून घ्यावा आणि मीटरचा काटा उणे सहा डेसिबलच्या आसपास थांबेल एवढाच गेन ठेवावा. शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो आणि तो पुन्हा जुळत नाही. 16 बिटांत सुमारे 96 डेसिबलची मुभा असते, म्हणून थोडी पातळी कमी राहिली तरी भीती नाही. मात्र एकदा गेन ठरला की तेराही सूर संपेपर्यंत त्या कळीला हात लावू नये. प्रत्येक सुराला वेगळा गेन दिला तर पेटीच्या सुरांचा आपसातला लहानमोठेपणा हरवतो आणि तो नंतर अंदाजाने परत आणावा लागतो. याच कारणासाठी यंत्रातली ‘नॉर्मलाइझ’ ही सोय, जी प्रत्येक सॅम्पल कमाल पातळीला नेते, पेटीसाठी मी वापरत नाही.

पेटी वाजवण्याआधी दोन सेकंद नुसती शांतता मुद्रित करून हेडफोनवर मोठ्याने ऐकावी. तळाशी सलग गुणगुण ऐकू आली तर ती बहुधा घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेची किंवा तिच्या पटीतल्या 100 हर्ट्झची असते. मोबाइलचा चार्जर, ट्यूबलाइट, इन्व्हर्टर आणि स्पीकरची वायर यांपैकी एकेक बंद करून किंवा हलवून गुन्हेगार शोधावा. यंत्र आणि मिक्सर एकाच प्लगपट्टीवर घेतले की ही गुणगुण पुष्कळदा निम्म्यावर येते.

कोणते सूर घ्यावेत

प्रत्येक पट्टीचा सूर घेता आला तर उत्तमच, पण सदतीस पट्ट्यांचे सदतीस सूर घेऊन त्यांचे लूप लावणे हे आठवड्याचे काम आहे. त्याऐवजी दर तीन पट्ट्यांनी एक सूर घेतला तर काम तिसऱ्या हिश्श्यावर येते आणि कानाला फरक जवळजवळ जाणवत नाही. प्रत्येक सप्तकात पांढरी एक, काळी दोन, काळी तीन आणि पांढरी सहा हे चार सूर घ्यावेत, आणि सर्वांत वरची पांढरी एक शेवटी घ्यावी, म्हणजे तीन सप्तकांचे तेरा सूर होतात. मग पांढरी एकचे सॅम्पल खालच्या पांढरी सातपासून काळी एकपर्यंत वाजते, काळी दोनचे पांढरी दोनपासून पांढरी तीनपर्यंत, काळी तीनचे पांढरी चारपासून पांढरी पाचपर्यंत आणि पांढरी सहाचे काळी चारपासून काळी पाचपर्यंत. कोणताही सूर आपल्या मूळ जागेपासून एकाच पट्टीइतका वर किंवा खाली ताणला जातो.

हे अंतर एवढे जपायचे कारण यंत्र सूर चढवते ते मुद्रण वेगाने वाजवून. एक पट्टी वर गेले की वेग जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढतो, सप्तकभर वर गेले की तो दुप्पट होतो आणि सहा सेकंदांचा सूर तीन सेकंदांत संपतो. वेगाबरोबर पेटीच्या लाकडाचा घुमाराही वर सरकतो, म्हणून पाचसहा पट्ट्या ताणलेली पेटी खेळण्यातली वाटू लागते. माणसाच्या गळ्याला हे आणखी लवकर जाणवते.

वाजवताना एक रीड (सूर देणारी पितळी जीभ) घ्यायची की दोन, हे आधी ठरवावे. आमच्या पेटीत नर आणि त्याच्या एक सप्तक खालचा खर्ज अशा रीडच्या दोन ओळी आहेत. दोन्ही स्टॉपर उघडून घेतलेला सूर भरदार येतो, पण त्यात एक अडचण लपलेली असते आणि ती लूपच्या वेळी वर येते. म्हणून मी तेराही सूर आधी केवळ नराचे घेतो, मग केवळ खर्जाचे आणि यंत्रात दोन्ही एकावर एक ठेवतो. काम दुप्पट होते, परंतु पुढे भजनाला दोन्ही आणि नाट्यगीताच्या बारीक जागेला एकच, अशी निवड हातात राहते.

भाता एकसारखा चालवणे ही या सगळ्यातली खरी कला आहे आणि ती यंत्रापाशी बसलेल्या माणसाकडे नसते. आत्या पहिल्याच दिवशी म्हणाली, “अरे, मी सूर धरते, तू घड्याळ बघ, मध्ये बोललास तर माझा हात हलतो.” तेव्हापासून आमची पद्धत ठरली आहे. ती पट्टी दाबण्याआधी भाता भरून घेते, सूर लावते आणि आठ सेकंद तोच दाब राखते. मी बोट वर केले की पट्टी सोडते, आणि सुटण्याचा आवाज पूर्ण विरेपर्यंत दोघेही हलत नाही. प्रत्येक सुराचे तीन प्रयत्न घेतो. पहिला बहुधा दबकत येतो, दुसरा किंवा तिसरा चांगला असतो.

यंत्रावर मुद्रणाची सुरुवात आपोआप होण्याची सोय असते: ठरावीक पातळी ओलांडली की मुद्रण सुरू. तिच्याबरोबर प्री-ट्रिगर नावाची वेळ मिळत असेल तर ती अवश्य थोडी ठेवावी, कारण रीड हलू लागण्याचा पहिला श्वास त्या पातळीच्या खालीच असतो आणि तो कापला गेला तर पेटी ऑर्गनसारखी वाटते. ही सोय नसेल तर मुद्रण हाताने आधीच सुरू करावे आणि पुढची शांतता नंतर छाटावी.

छाटणी आणि लूप

छाटताना सुरुवातीची शांतता जवळजवळ पूर्ण काढावी. वीस हजारांश सेकंदाची शांतता डोळ्यांना तरंगाच्या चित्रात क्षुल्लक दिसते, पण द्रुत लयीत बोट आधी आणि सूर मागून अशी चुकचुक तिनेच लागते. कापण्याची जागा तरंग शून्य रेषा ओलांडतो तिथेच घ्यावी. बहुतेक यंत्रांत ‘झीरो’ नावाची खूण असते आणि ती चालू ठेवली की यंत्र स्वतःच जवळची शून्य जागा धरते. नाहीतर प्रत्येक पट्टीला बारीक टक् असा आवाज येतो.

लूप म्हणजे सुराचा एक तुकडा पट्टी दाबून ठेवेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजत राहणे. सुरुवातीचा सेकंदभर भाग जसाच्या तसा वाजू द्यावा, लूप त्यानंतरच्या स्थिर भागात घ्यावा. दोन रीडची अडचण इथे समोर येते. दोन रीड अगदी तंतोतंत जुळलेल्या कधीच नसतात; खर्जाची रीड 220 हर्ट्झवर असताना नराची तिच्या दुपटीवर, 440 वर, न बोलता 441 वर बोलली तर आवाज सेकंदाला एकदा लाटेसारखा फुगतो आणि ओसरतो. लूपमध्ये अशी लाट अर्धवट कापली गेली, तर प्रत्येक फेरीला हिसका बसतो. म्हणून लूपची लांबी पूर्ण लाटांच्या पटीत घ्यावी लागते. उदाहरणार्थ, सेकंदाला दीड लाट असेल तर तीन लाटांचे दोन सेकंद, म्हणजे 44.1 च्या रेटला 88,200 नमुने, एवढा लूप. शिवाय सूर ताणला की लाटेचा वेगही बदलतो: एका सप्तकावर ती दुप्पट जलद डोलते. मी दोन ओळी वेगळ्या मुद्रित करतो त्याचे मोठे कारण हेच. एकेका रीडचा लूप अर्ध्या सेकंदाचा असला तरी चालतो, आणि दोन्ही ओळी यंत्रात एकत्र वाजल्या की लाट तिथेच, जिवंत, तयार होते.

लूपची सांध तरीही ऐकू येत असेल तर क्रॉसफेड लूप वापरावा. त्यात शेवटचा भाग विरत असताना सुरुवातीचा भाग चढत जातो आणि सांध लपते. तो लावण्याआधी मूळ सॅम्पलची प्रत करून ठेवावी, कारण अनेक यंत्रांत क्रॉसफेड मुद्रणावरच लिहिला जातो आणि मागे फिरता येत नाही.

सूर जुळवणे

जुन्या पेट्या 440 वर असतीलच असे नाही. आमची पेटी साधारण पंधरा सेंट (एका पट्टीच्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढी आहे, म्हणजे तिची पांढरी सहा 440 ऐवजी सुमारे 444 हर्ट्झला बोलते. ट्यूनर लावून प्रत्येक सॅम्पलची तफावत कागदावर मांडावी आणि यंत्रातल्या फाइन ट्यूनमध्ये तेवढी उलट दिशेने भरावी.

इथे पेटीवाल्या घरांसाठी एक खास सूचना आहे. कित्येक पेट्या गांधार ट्यूनिंगच्या असतात, म्हणजे एखाद्या षड्जापासून शुद्ध स्वरांतरांवर लावलेल्या. शुद्ध गांधार समान अंतराच्या कीबोर्डवरच्या गांधारापेक्षा सुमारे चौदा सेंट उतरा असतो. तो कानाला शांत वाटतो तो त्यामुळेच. पण आपण तीन पट्ट्यांना एकच सॅम्पल वापरतो आहोत, त्यामुळे एका सुराचा उतरेपणा शेजारच्या दोन पट्ट्यांनाही चिकटतो आणि सप्तक वेडेवाकडे होते. म्हणून आधी तेराही सॅम्पल समान अंतरावर नेमकी जुळवून घ्यावीत, आणि मग यंत्राच्या यूझर स्केलच्या पानावर जाऊन प्रत्येक पट्टीला हवी तेवढी सेंटची चढउतार द्यावी. याचा लाभ असा की काळी एकच्या गाणाऱ्यासाठी एक स्केल आणि काळी पाचच्या गाणारीसाठी दुसरी, अशा दोन शुद्ध पेट्या एकाच सॅम्पलमधून मिळतात, जे लाकडाच्या पेटीला शक्य नाही.

प्रोग्रॅम बांधताना दोन गोष्टी करायच्या. पेटीला बोटाच्या जोराचा फरक पडत नाही, म्हणून आवाजावरचा व्हेलॉसिटीचा परिणाम शून्य करावा. आणि आवाजाचा चढउतार एक्स्प्रेशन पेडलला द्यावा, म्हणजे पाऊल भात्याचे काम करते. पायपेटी वाजवलेल्या माणसाचा पाय यावर लगेच बसतो. पट्टी सोडल्यावर सूर विरण्याची वेळ अगदी थोडी ठेवावी.

टाळ, झांज, डफ यांची सॅम्पल घेणे सोपे आहे. त्यांना लूप नको, ताणणे नको, एका पट्टीवर एक घाव पुरतो. फक्त हलका, मध्यम आणि जोराचा असे तीन घाव घेऊन ते व्हेलॉसिटीनुसार वाटावेत, नाहीतर आरतीचा ठेका यंत्राचा वाटतो. तंबोऱ्याचा मात्र संपूर्ण फेरा, पंचमापासून खर्जापर्यंत, लूपमध्ये यायला हवा, आणि असे दोनतीन फेरे घेतले तर जवारीची झिलई तुटत नाही.

नाव, जागा, प्रत

आता जतन. पहिला नियम: दर चार सुरांनंतर थांबून साठवण करावी. मुद्रण चालू असताना यंत्र यूपीएसवर ठेवावे, पण यूपीएस आहे म्हणून साठवण पुढे ढकलू नये. अलीकडच्या काही यंत्रांत फ्लॅश मेमरी किंवा एसएसडी असते आणि त्यांतले सॅम्पल वीज गेल्यावरही टिकतात. तरीही मुद्रण आधी तात्पुरत्या मेमरीत होते की थेट कायमच्या, हे आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत एकदा वाचून घ्यावे.

दुसरा नियम नावांचा. यंत्र स्वतःहून देते ती ‘न्यू सॅम्पल 0007’ अशी नावे तेव्हाच्या तेव्हा बदलावीत. नावात वाद्य, ओळ, सूर आणि प्रयत्न एवढे चार भाग ठेवावेत. सूर लिहिताना सप्तकाचा आकडा न लिहिता मिडी क्रमांक (इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या सामाईक भाषेत प्रत्येक पट्टीला असलेला आकडा) लिहावा, असा माझा आग्रह आहे. मिडीमध्ये मधली पांढरी एक 60 आणि तिच्या वरची 440 हर्ट्झची पांढरी सहा 69; पण त्याच 60 ला यामाहाच्या यंत्रांत सी-3 म्हणतात आणि रोलँड, कॉर्गच्या यंत्रांत सी-4. दोन कंपन्यांच्या यंत्रांमध्ये सॅम्पल नेली की सगळी पेटी एक सप्तक सरकते ती या नावांच्या घोळामुळे. आमची तेरा सॅम्पल 48, 51, 54 अशी दर तीनाने 84 पर्यंत जातात आणि ‘पेटी नर 60 दोन’ एवढ्या नावावरून दहा वर्षांनीही काय आहे ते कळते. यंत्रावर ही नावे रोमन अक्षरांत लिहावी लागतात आणि जुन्या यंत्रांत आठच अक्षरे मिळतात, तेव्हा संक्षेप ठरवून तो वहीत लिहून ठेवावा.

तिसरा नियम थरांचा. वर सांगितलेले तीन थर एकमेकांना नावाने किंवा क्रमांकाने शोधतात. कॉर्गच्या ट्रायटन मालिकेत प्रत्येक सॅम्पलची केएसएफ फाइल असते, मल्टिसॅम्पलची केएमपी फाइल त्या केएसएफ फाइलींची नावे सांगते आणि केएससी फाइल कोणती मल्टिसॅम्पल चढवायची त्यांची यादी ठेवते. प्रोग्रॅम मात्र वेगळ्या पीसीजी फाइलमध्ये राहतात. संगणकावर नेऊन एखाद्या सॅम्पल फाइलचे नाव हौसेने बदलले की मल्टिसॅम्पलला ते सापडत नाही आणि त्या पट्ट्या मुक्या होतात. प्रोग्रॅम मल्टिसॅम्पलला मेमरीतल्या क्रमांकाने ओळखतो, म्हणून आज पेटी आधी आणि तंबोरा नंतर चढवला, उद्या उलट केले, तर पेटीच्या प्रोग्रॅममधून तंबोरा वाजतो. आपले यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, एका कार्यक्रमाला लागणारे सगळे सॅम्पल, मल्टिसॅम्पल आणि प्रोग्रॅम एकत्र, एकाच फोल्डरमध्ये, एकाच वेळी जतन करावेत आणि नेहमी त्याच क्रमाने चढवावेत. नावे बदलायची असतील तर यंत्रातच बदलावीत.

कंपनीच्या स्वतःच्या फाइलींखेरीज प्रत्येक मूळ सॅम्पलची साधी वेव्ह प्रतही काढून ठेवावी, तीही लूप आणि छाटणीच्या आधीची. यंत्रे बंद पडतात, त्यांच्या फाइली वाचणारे दुसरे यंत्र मिळत नाही. वेव्ह फाइल मात्र कुठेही उघडते. एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी संगणकावर आणि शक्य असल्यास तिसरी दुसऱ्या घरी. आमची तिसरी प्रत इंदूरला बहिणीकडे असते. सोबतच्या वहीत मुद्रणाची तारीख, माइक, गेनची जागा, पेटीची सेंटमधली तफावत आणि वाजवणाऱ्याचे नाव लिहिलेले असते.

वाजवणाऱ्याचे नाव लिहिण्यामागे आणखी एक विचार आहे. कोणाचा गळा किंवा वाद्य मुद्रित करताना ते कुठे वापरले जाईल हे त्यांना आधी सांगावे आणि संमती घ्यावी. बाजारातल्या ध्वनिमुद्रिकेतून तुकडा उचलणे टाळावे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरही स्वतंत्र हक्क असतो.

सगळे झाल्यावर यंत्र पूर्ण बंद करावे, एक रात्र जाऊ द्यावी आणि दुसऱ्या दिवशी ते कोऱ्या स्थितीत सुरू करून पेनड्राइव्हवरून सगळे पुन्हा चढवावे. मग 48 पासून 84 पर्यंत एकेक पट्टी हळू दाबत जावी आणि चार ठिकाणी कान द्यावा: सॅम्पल बदलते त्या सीमेवर, लूपच्या सांध्यावर, पट्टी सोडल्यावर आणि दोन ओळी एकत्र वाजतात तिथे. काही चुकले असेल ते वहीत लिहून त्याच दिवशी दुरुस्त करावे आणि पुन्हा साठवून सगळ्या प्रती बदलाव्यात. आमच्या दुसऱ्या खेपेला मी अशीच पट्टीपट्टी दाबत होतो तेव्हा आत्या स्वयंपाकघरात होती. काळी तीन वाजली आणि तिने आतूनच विचारले, “पेटी उघडलीस का रे? झाकण नीट लाव, धूळ बसते.”